मोठ्या बोन्सायसाठी बिनझिलईची जपानी कुंडी: या चुका टाळा

बिनझिलईची जपानी कुंडी म्हणजे आपलीच मातीची कुंडी, फक्त महाग, असं धरून चालणाऱ्यांचं झाड आधी बिघडतं. जपानच्या आइची प्रांतातल्या तोकोनामेत अशा कुंड्या कुंभाराच्या भट्टीपेक्षा कितीतरी जास्त आचेवर भाजतात, त्यामुळे मातीतली छिद्रं बरीचशी मिटतात. तिथल्याच बिनझिलईच्या लाल किटल्यांतून चहा झिरपत नाही. मग जास्तीचं पाणी कुंडीच्या भिंतीतून उडून जाईल कसं? जे काही जायचं ते तळाच्या भोकांतूनच.

म्हणून झाड लावण्याआधी रिकामी कुंडी सपाट ओट्यावर ठेवून आत तांब्याभर पाणी ओता. हाताने घडवलेल्या मोठ्या कुंडीचा तळ वाळताना आणि भाजताना थोडाफार वाकतोच. एखाद्या कोपऱ्यात डबकं राहिलं, तर तिथली मुळं कुजणार. डबकं भोकाच्या जवळ असेल, तर डबक्याच्या बाजूच्या पायाखाली रबराचा तुकडा सरकवून भागतं. लांब असेल, तर १० मिमीचं डायमंड कोअर बिट (कडेला हिऱ्याची पूड बसवलेलं पोकळ बिट) घ्या, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारा भाग, बंद ठेवा, वेग कमी ठेवा आणि वरून पाण्याची धार सोडत नवं भोक पाडा. हॅमर चालू राहिला की तळाची खपली निघालीच.

माठ घेताना वाजवून बघतो, तसं इथेही करा. ठणठणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

निचऱ्यासाठी तळाला खडीचा थर द्यायची सवय उथळ कुंडीत उलटी पडते. झाड लावायच्या बारीक मिश्रणातलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडतं. १२ सेंमी खोलीतले ३ सेंमी खडीला दिले, तर ओलीगच्च पट्टी तेवढीच वर, मुळांपाशी सरकते. भोकांवर जाळी बसवा आणि तळापासून वरपर्यंत ३ ते ६ मिमीचं, धूळ चाळून काढलेलं एकच मिश्रण भरा.

लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी, हा ढोबळ हिशोब. ९० सेंमी झाडाला ६० सेंमीची कुंडी. वड-उंबरासारख्या मुळांच्या हावरट झाडांना खोली थोडी जास्तच द्यावी. आतला भाग ६० × ४० × १२ सेंमी असेल, तर जवळजवळ २९ लिटर मिश्रण मावतं. पाणी घातल्यावर झाडासकट वजन ४५ किलोंच्या आसपास जातं. एवढा भार काठाला धरून उचलला तर काठाचा टवका उडतो. दोघांनी तळाखाली हात घालावा.

आत वळलेल्या काठाची कुंडी दिसते देखणी, पण पुनर्लागवडीच्या वेळी मुळांचा गोळा काठाखाली अडकतो. बुंधा धरून ओढू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटूही नका. भिंतीपासून सेंटीमीटरभर आत मुळांची करवत गोल फिरवा, मग गोळा सुटतो.

बोअरच्या जड पाण्याने बाहेरून पांढरे चट्टे येतात आणि हात फरशीच्या ॲसिडकडे जातो. ॲसिडने चट्टे जातात, पण वर्षानुवर्षं वापरून कुंडीला चढलेली जुनी कळाही जाते, आणि जपानात किंमत त्या कळेलाच असते. कुंडी रिकामी असताना रात्रभर पाण्यात भिजवा. मग निम्मं पाणी घातलेला व्हिनेगर नायलॉनच्या ब्रशने चट्ट्यांपुरताच लावा आणि भरपूर पाण्याने धुवा.