पॅनकेक डे घरी कसा करायचा, आणि मंगळवारी अंडं चालत नसेल तर काय

आधी तारीख, कारण दरवर्षी तिथेच गोंधळ होतो. इथला, म्हणजे इंग्लंडातला पॅनकेक डे म्हणजे श्रोव्ह ट्यूजडे, हा इस्टरच्या बरोबर 47 दिवस आधी येतो, म्हणजे 3 फेब्रुवारी ते 9 मार्च यांच्यामध्ये कुठेतरी, आणि वार कायम मंगळवारच. 2026 मध्ये 17 फेब्रुवारीला होता, 2027 मध्ये 9 फेब्रुवारीला आहे. लक्षात नाही ठेवलं तरी बिघडत नाही म्हणा, त्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये शिरलात की दारातच मैदा, अंडी, लिंबं आणि चॉकलेट स्प्रेडचा ढीग रचलेला असतो, आणि घरात शाळेत जाणारं पोर असेल तर ते आठ दिवस आधीपासून डोकं खातंच.

कारण साधं आहे. दुसऱ्या दिवशी ॲश वेन्सडे, तिथून लेंट म्हणजे इस्टरपर्यंतचा उपासाचा काळ सुरू, रविवार सोडून 40 दिवस. जुन्या काळी या दिवसांत अंडी, दूध, लोणी सगळंच वर्ज्य असायचं, मग घरात उरलेलं ते सगळं आदल्या दिवशी संपवायचं, आणि हे तिन्ही एका फटक्यात संपवणारा सगळ्यात सोपा पदार्थ म्हणजे पॅनकेक. आता लेंट पाळणारे कमी झालेत पण पॅनकेक राहिलेत. आपल्याकडे आषाढ संपता संपता तळणाचा सपाटा लावतात आणि गटारी करतात त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही.

आता कृती. चार माणसांना डबल करा, पण मूळ माप असं: 100 ग्रॅम मैदा, 2 मोठी अंडी, 300 मिली दूध, चिमूटभर मीठ, 1 मोठा चमचा पातळ केलेलं तूप. एवढ्यात साधारण 20 सेंटीमीटरच्या पॅनमध्ये आठेक होतात. मैदा म्हणजे इथलं प्लेन फ्लार, सेल्फ-रेझिंगचं पाकीट शेजारीच ठेवलेलं असतं, ते घेऊ नका, त्यात बेकिंग पावडर असते आणि मग जाड फुगीर अमेरिकन टाइप होतात. ते वाईट नसतात पण तो वेगळा पदार्थ आहे, इथला पॅनकेक पातळ असतो, लुसलुशीत आणि कडेला जरा कुरकुरीत.

पीठ भिजवताना सगळं दूध एकदम ओतायचं नाही. मैद्यात मीठ, मध्ये खळगा, त्यात अंडी आणि थोडंसंच दूध, आणि घट्टसर गुळगुळीत पेस्ट होईपर्यंत व्हिस्कने घोटायचं, घट्ट असतानाच गुठळ्या मोडतात, पातळ झाल्यावर त्या नुसत्या तरंगत बसतात आणि तुम्ही त्यांच्यामागे फिरत बसता. मग उरलेलं दूध हळूहळू, शेवटी तूप. आणि झाकून अर्धा तास ठेवून द्यायचं. इथे बरेच लोक घाई करतात, पण तेवढ्या वेळात पीठ दूध पिऊन घेतं, घोटल्यामुळे मैद्याला आलेला ताण पण सैल पडतो, नाहीतर पॅनकेक चिवट होतो आणि पसरताना आखडतो. अर्ध्या तासाने बघा, जरा दाटलेलं असेल, चमचा दोन चमचे दूध घालून सारखं करा. पळीच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे. घावनाच्या पिठाइतकं पाणीदार नको, आणि बेसनाच्या धिरड्याइतकं दाट पण नको, दोन्हीच्या मधलं.

पॅनबद्दल एक सांगते, डोशाचा सपाट तवा वापरू नका. चव तीच येईल पण उडवता येणार नाही, आणि पोरांना पॅनकेकपेक्षा उडवण्यातच रस असतो. तिरक्या कडेचा, हलका, नॉनस्टिक फ्राय पॅन हवा, एका हाताने सहज उचलता आला पाहिजे. इथले लोक बटरवर करतात आणि तिसऱ्या पॅनकेकपर्यंत ते बटर काळं पडतं, आपल्या घरात तूप असताना हा त्रास का घ्यायचा, तुपातलं दुधाचं निघून गेलेलं असतं त्यामुळे ते लवकर जळत नाही आणि वासही सुरेख येतो. किचन पेपरच्या बोळ्याला तूप लावून पॅन नुसता पुसून घ्यायचा, तूप दिसायला नको. आमच्या चिपळूणच्या घरी आजी वांग्याचं देठ तेलात बुडवून बिडाचा तवा पुसायची, वांगं मिळालं तर इथेही करून बघा, प्लास्टिकच्या ब्रशपेक्षा शंभर पटीने बरं.

मध्यम आच. पॅन तापला की उचलून हातात धरा, अर्धी पळी पीठ मधोमध ओता आणि लगेच पॅन गोल फिरवा म्हणजे पीठ आपणहून पसरेल, पळीने पसरवायला जाऊ नका. जास्त झालं तर परत भांड्यात ओतून टाका, काही होत नाही. पाऊण एक मिनिटात वरचा ओलेपणा जातो, कडा सुटायला लागतात, उलथन्याने एक कोपरा उचलून बघायचं, खाली सोनेरी ठिपके दिसले की उलटा, दुसरी बाजू अर्ध्या मिनिटात होते. पहिला पॅनकेक बिघडतोच हे इथे सगळे मानतात, आणि खरं कारण म्हणजे पॅन अजून नीट तापलेला नसतो आणि तुपाचा अंदाज यायचा असतो, त्यामुळे पहिला करणाऱ्याने उभ्या उभ्या साखर घालून खाऊन टाकायचा, तो त्याचा हक्क आहे.

उडवायचं असेल तर आधी पॅन हलवून बघा, पॅनकेक मोकळा सरकतोय का. चिकटलेला पॅनकेक उडत नाही, अर्धाच उडतो. मोकळा असेल तर पॅन जरा पुढे झुकवून त्याला पुढच्या कडेपर्यंत येऊ द्या आणि मनगटाने पुढे-वर असा एक छोटा झटका द्या, हात खांद्यापासून उडवायचा नाही, छताला लावायचा नाहीये, एक फूट वर गेला तरी भरपूर. पोरांना पहिल्यांदा गॅसपासून लांब, थंड पॅन आणि एक थंड पॅनकेक देऊन प्रॅक्टिस करू द्या. आणि किचनचं दार लावून खिडकी उघडा बरं का, इथल्या घरांतले स्मोक अलार्म फोडणीला जसे बोंबलतात तसेच यालाही बोंबलतात.

आता मंगळवारची अडचण. पॅनकेक डे कायम मंगळवारी, आणि आपल्या अनेक घरांत मंगळवारी अंडं चालत नाही, कुणाचा गणपतीचा वार, कुणाचा देवीचा. एक दिलासा असा की इस्टर पौर्णिमेवरून ठरतो, तिथून 47 दिवस मागे गेलं की आपण अमावास्येच्या आसपास येतो, त्यामुळे या दिवशी अंगारकी संकष्टी कधीच येत नाही. पण त्याच हिशोबाने महाशिवरात्र मात्र येऊ शकते! 2022 मध्ये 1 मार्चला महाशिवरात्र आणि पॅनकेक डे एकाच दिवशी होते, आणि सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. त्यांनी काहीही गाजावाजा न करता वरीच्या पिठात थोडं साबुदाण्याचं पीठ, ताक आणि कुस्करलेलं केळं घालून लहान लहान जाड धिरडी घातली, पोरांनी त्यावर लिंबू आणि साखर घालून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं की आमच्या आजीचे पॅनकेक वेगळे असतात.

नुसता वारच असेल, उपास नसेल, तर बिनअंड्याचं माप घ्या: 100 ग्रॅम मैदा, 1 मोठा चमचा बेसन, 1 मोठा चमचा कॉर्नफ्लार, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, 1 मोठा चमचा तूप, आणि दूध पाऊण कप घालून सुरुवात करा, मग लागेल तसं वाढवा. बेसनाने रंग येतो आणि पीठ धरून राहतं, पण एका चमच्यापेक्षा जास्त घातलंत तर सरळ बेसनाचा वास येईल. हे नाजूक होतात, उडवायला जाऊ नका, उलथन्यानेच उलटा आणि पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू नका.

टॉपिंगवर मी भांडायला तयार आहे. लिंबू आणि साखर. बस. इथले जुने लोकही हेच खातात आणि त्यांचं बरोबर आहे. गरम पॅनकेकवर आधी साखर, बारीक असली तर उत्तम, मग वरून लिंबू पिळायचं, अर्धी साखर विरघळते आणि अर्धी दाताखाली कचकचते, मग गुंडाळी करायची. लहानपणी शाळेतून आल्यावर आई गरम पोळीला तूपसाखर लावून जी सुरळी हातात द्यायची ना, तिला आंबटपणा दिला की हे झालं. लिंबाच्या आकाराच्या पिवळ्या प्लास्टिकच्या बाटलीतला रस मिळतो, त्याचीच जाहिरात करून करून एका पिढीला पॅनकेक डे पाठ झाला, पण खरं लिंबू पिळा.

गोल्डन सिरप, म्हणजे साखरेचा दाट सोनेरी पाक, चांगलंच लागतं, इथे 1885 पासून डब्यातून मिळतंय, पण इंडियन दुकानात काकवी मिळाली तर ती आणा, चवीला जास्त खोल असते. चॉकलेट स्प्रेड आणि केळं पोरांसाठी, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिखट हवं असेल तर चीज आणि परतलेले मशरूम, किंवा आदल्या दिवशीची बटाट्याची भाजी, हो, खरंच, मसाला डोशाची भाजी यात भरली की कुणीही नको म्हणत नाही.

आणि एकदा तरी नारळाचं सारण करा. ओलं खोबरं, त्याच्या निम्मा ते पाऊणपट गूळ, वेलची, मंद आचेवर गूळ विरघळून मिश्रण गोळा होईपर्यंत, जास्त आटवू नका नाहीतर कडक होतं. गोव्यात ख्रिश्चन घरांमध्ये मैद्याच्या पातळ पॅनकेकमध्ये हेच भरून सुरळ्या करतात, त्यांना अलेबेले म्हणतात, आणि गोव्याचा कार्निव्हल शनिवारी सुरू होऊन संपतो तो याच मंगळवारी. आम्हा कोकणातल्या लोकांना ही चव नवीन नाहीच, गौरी आल्या की घावन-घाटलं, आणि एरवी रविवारी गोड नारळाच्या रसात बुडवलेले घावन. आम्ही भावंडं ताटल्या घेऊन चुलीपाशी रांगेत बसायचो आणि भांडण कशावरून, तर कुणाच्या घावनाला जास्त जाळी पडली यावरून. पॅनकेकला तशी जाळी पडत नाही, तेवढं एक मला अजून खुपतं. रस करायचा असेल तर टिनमधलं नारळाचं दूध, गूळ, वेलची, चिमूट मीठ, गरम न करता नुसतं ढवळायचं, आणि पॅनकेकची चौघडी करून त्यात बुडवायची.

पोरांना घेऊन काही बघायला जायचं असेल तर बकिंगहॅमशरमधलं ओल्नी गाव. तिथे बायका ॲप्रन घालून, डोक्याला रुमाल बांधून, हातात पॅन आणि पॅनमध्ये पॅनकेक घेऊन चौकापासून चर्चपर्यंत 415 यार्ड पळतात. दंतकथा अशी की 1445 मध्ये एक बाई पॅनकेक करत असताना चर्चची घंटा वाजली आणि ती पॅनसकट धावत सुटली. 1950 पासून अमेरिकेत कॅन्ससमधलं लिबरल गाव पण त्याच दिवशी तेवढ्याच अंतराची शर्यत लावतं आणि दोन्हीकडच्या वेळा ताडून बघतात कोण जिंकलं. डर्बीशरमध्ये ॲशबोर्नला अख्खं गाव दोन बाजूंत वाटून रस्त्यांतून, नदीतून फुटबॉल खेळतं, दोन गोलांमध्ये 3 मैल अंतर, मंगळवारी आणि बुधवारी. तिथे लहान मूल घेऊन जाऊ नका, दुकानंसुद्धा काचांना फळ्या ठोकून बसतात. घरच्या घरी शर्यत लावायची तर मागच्या अंगणात, थंड पॅनकेक, हलके पॅन, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा उडवायचा, पडला तर उचलून पुढे पळायचं.

सगळ्यांनी एकत्र खायचं असेल तर झालेले पॅनकेक ताटलीत एकावर एक रचून वर झाकण, आणि ओव्हन अगदी मंद. पण खरं सांगायचं तर हे तव्यावरून ताटात असंच खायचं असतं, म्हणजे करणारा शेवटपर्यंत उभा, त्यामुळे घरात पाळी लावा, नवऱ्याने चार, मी चार, मोठ्या मुलाने दोन.

पीठ उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. साखर आपण पिठात घातलेलीच नाही, त्यामुळे बुधवारी त्यात बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद आणि मूठभर तांदळाचं पीठ घालून तिखट धिरडी होतात, डब्याला उत्तम. किंवा मफिन ट्रेच्या प्रत्येक खणात चमचाभर तेल घालून 220 अंशांवर धूर यायच्या बेतापर्यंत तापवा आणि त्यात हेच पीठ ओता, वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही, यॉर्कशर पुडिंग, म्हणजे इथल्या फुगलेल्या बिनगोड वाट्या, तयार.