मधले दोन आकडे: सुरक्षेतली त्रुटी कंपनीला कशी कळवावी

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गेल्या पावसाळ्यात आई-बाबांची रक्ततपासणी करून घेतली. दोघांच्या रिपोर्टच्या लिंक माझ्याच मोबाईलवर आल्या. एकाखाली एक पाहिल्या तर अक्षर न् अक्षर सारख्या, फक्त शेवटी बाबांच्या लिंकमध्ये ४१ आणि आईच्या ४४. इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे आधीचं लॉगिन लक्षात नसलेल्या ब्राउझरच्या खिडकीत, उघडल्या, तर लॉगिन नाही, ओटीपी नाही, सरळ पीडीएफ.

म्हणजे ४२ आणि ४३ हे त्या सकाळी आमच्यासोबत रांगेत बसलेल्या कुणाचे तरी रिपोर्ट. ते मी उघडले नाहीत, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. त्रुटी आहे हे कळायला परक्याचा कागद वाचायची गरज नव्हती. आमच्या घरच्या दोन लिंक पुरेशा होत्या. ॲपमध्ये लॉगिन असेल तर स्वतःचीच दोन खाती काढा आणि एका खात्यातून दुसऱ्याची माहिती दिसते का ते बघा. दिसली की थांबा. ‘किती हजार रिपोर्ट उघडे आहेत ते मोजून सांगू’ म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे एकेक लिंक आपोआप उघडत जाणारा छोटा प्रोग्राम, चालवू नका. ते मोजायचं काम कंपनीचं, तिच्याकडे डेटाबेस आहे. तुम्ही उतरवलेली प्रत्येक फाईल म्हणजे कुणाची तरी शुगर, कुणाची तरी गरोदरपणाची चाचणी.

कायद्याची बाजूही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरण्याबद्दल आणि माहिती उतरवून घेण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपला हेतू चांगला होता हे नंतर पटवत बसण्यापेक्षा त्यांच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कुणी कधी काय उघडलं याच्या नोंदवहीत, आपल्या नावावर दोनच नोंदी असलेल्या बऱ्या.

आता कळवायचं कुणाला? आधी साइटच्या पत्त्याच्या शेवटी /.well-known/security.txt असं जोडून ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची फाईल उघडते का ते बघा; सुरक्षेतली त्रुटी कुणाला कळवायची हे कंपनी त्यात लिहून ठेवते. २०२२ पासून तिचं ठरलेलं मानक आहे, आरएफसी ९११६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). त्यात संपर्क आणि ती माहिती कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख, या दोन गोष्टी असाव्याच लागतात. कंपनीचा बग बाउंटी कार्यक्रम, म्हणजे त्रुटी शोधून कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना, असेल तर त्याचे नियम शेवटपर्यंत वाचा, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे तिथेच लिहिलेलं असतं. माझ्या लॅबकडे यातलं काहीच नव्हतं. कस्टमर केअरला फोन केला तर ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. त्या मुलीची चूक नाही, तिच्यासमोरच्या कागदावर असा प्रश्नच नसणार. तिला तपशील न सांगता मी फक्त आयटी विभागाचा मेल मागून घेतला. तपशील जितक्या कमी कानांवर पडेल तितका बरा, म्हणून ट्विटरवर टॅग करणं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणं नकोच.

मेल मी इंग्रजीत पाठवला होता. मराठीत तो साधारण असा होता:

‘विषय: रिपोर्टच्या लिंकमधली सुरक्षा त्रुटी, रुग्णांची माहिती उघडी पडू शकते.

नमस्कार, मी आपली ग्राहक आहे. माझ्या वडिलांच्या आणि आईच्या रिपोर्टच्या लिंकमध्ये फक्त शेवटचा क्रमांक वेगळा आहे. लॉगिन न करता दोन्ही उघडतात. क्रमांक ओळीने दिले जात असल्याने दुसऱ्या रुग्णांचे रिपोर्टही असेच उघडतील असं वाटतं. मी इतर कोणताही क्रमांक वापरून पाहिलेला नाही. सकाळी १०.२० ते १०.३० या वेळात माझ्या मोबाईलवरून या दोनच लिंक उघडल्या, लॉगमध्ये पडताळता येईल. नाव झाकलेले स्क्रीनशॉट जोडले आहेत. दुरुस्ती होईपर्यंत मी हे जाहीर करणार नाही. मला मोबदला नको. मेल मिळाल्याचं कृपया कळवा.’

यातली ‘उघडतील असं वाटतं’ ही शब्दयोजना मुद्दाम आहे. पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहायचं आणि अंदाज तो अंदाज म्हणून. वेळही नक्की द्या, त्यावरून इंजिनिअरला पाच मिनिटांत खातरजमा करता येते. पैशाचा विषय आपण काढायचा नाही. ‘अमुक द्या, नाहीतर जाहीर करीन’ असं एक वाक्य गेलं की तो रिपोर्ट राहत नाही, धमकी होते. बाउंटी जाहीर केलेली असेल तर ती नियमानुसार मिळेलच.

सात दिवस उत्तर आलं नाही. दुसरा मेल त्याच धाग्यात पाठवला, त्यालाही नाही. मग ‘सर्ट-इन’ला कळवलं. ही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था, २००४ पासून काम करते. त्रुटीची माहिती घेऊन संबंधित कंपनीशी ती संपर्क साधते. आधीचे दोन्ही मेल तारखांसकट जोडले, म्हणून सगळं पुन्हा मांडावं लागलं नाही.

त्रुटी जाहीर करण्याआधी कंपनीला दुरुस्तीसाठी किती मुदत द्यायची, हे लोक नेहमी विचारतात. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधणारा गूगलचा प्रोजेक्ट झीरो गट साधारण ९० दिवस देतो आणि बरेच जण तोच आकडा धरतात. पण मुदत संपली म्हणून सगळं सांगून टाकावं असं मला वाटत नाही. उघडी पडणारी माहिती रुग्णांची असेल तर भोगावं त्यांना लागतं, कंपनीला नाही.

काही दिवसांनी लॅबच्या इंजिनिअरचा मेल आला: ‘आता बघाल का?’ मी पुन्हा त्याच दोन लिंक उघडल्या. आता दोन्ही ओटीपी मागत होत्या, आणि नव्या रिपोर्टच्या लिंकमध्ये क्रमांकाऐवजी लांबलचक अक्षरमाळ होती. तसं कळवलं, स्क्रीनशॉट पुसले आणि पुसल्याचंही कळवलं. या अनुभवावर लिहिलं तर चालेल का, असं शेवटच्या मेलमध्ये विचारलं. लॅबचं नाव न घेता लिहा, म्हणाले, म्हणून ते इथे नाही.