लायब्ररीत नवीन लागलात? काउंटर आणि व्हॉट्सअॅप दोन्ही सांभाळायचंय

बीलिब (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून नुकतेच कॉलेजच्या लायब्ररीत लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. मी जळगाव जिल्ह्यातल्या कॉलेजात आहे, आमचं रेफरन्सचं, म्हणजे वाचकाला हवं ते शोधून द्यायचं, बरंचसं काम आता मोबाईलवरच चालतं. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, सर चॅटबॉट बसवू का. अरे बाबा चॅटबॉट नंतर बघू, आधी वाचकाला उलट प्रश्न विचारायला शिक.

म्हणजे बघा, रात्री मेसेज येतो, "सर केळीवर पुस्तक आहे का?" काउंटरवर असता तर हातातल्या वहीवरून, तोंडावरून निम्मं कळलं असतं, इथे काहीच दिसत नाही. कॅटलॉगमधली आठदहा नावं पाठवून दिली तर तो "थँक्यू सर" म्हणणार आणि पुस्तक न्यायला काही येणार नाही. मी विचारलं कशासाठी, कोणत्या वर्गाला आहेस, कधीपर्यंत पाहिजे. तेव्हा निघालं की बीएस्सीचा प्रोजेक्ट, विषय केळीवरचा करपा, आणि जमा करायचाय सोमवारी! मग वनस्पतिरोगांच्या पुस्तकातला सिगाटोकाचा (म्हणजे याच करप्याचा) चॅप्टर, पुस्तकाचा कॉल नंबर (कपाटातली जागा सांगणारा), आणि शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या साइटवर इंग्रजी स्पेलिंग टाकून प्रबंध कसे शोधायचे ते, एवढंच दिलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच नियमांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, परीक्षेपुरता पाठ केला असेल तर तो इथे कामाला येतो.

एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं-जर्नल्स देणारी सेवा) लॉगिन प्रत्येकाला वेगळं असतं आणि पासवर्ड विसरल्याचे मेसेज सगळ्यात जास्त येतात, त्याचं उत्तर व्हॉट्सअॅपच्या बिझनेस अॅपमधल्या क्विक रिप्लायमध्ये टाकून ठेवा. नंबर मात्र लायब्ररीचा, स्वतःचा अजिबात देऊ नका, नाहीतर लग्नात जेवायला बसलात तरी "सर आयडी चालत नाही". ग्रुपपण नको, कोण काय वाचतंय ते गावभर कशाला.

"पूर्ण पुस्तकाची पीडीएफ पाठवा" याला सरळ नाही म्हणायचं, कॉपीराइट आहे. पण नाही म्हणून तिथेच सोडायचं नाही, नॅशनल डिजिटल लायब्ररीत मोफत काय मिळतं ते दाखवा, अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा म्हणजे पोराला कळतं यावं की नको. धडगाव, अक्कलकुव्याकडची पोरं सुट्टीत घरी गेली की रेंज मिळेल तिथून मेसेज टाकतात, त्यांना जड फाइल उघडतच नाही, तिथे चार ओळी टाइप केलेल्या बऱ्या. कोणी व्हॉइस नोट पाठवतं, "सर, ते पुस्तक शे का?", तर तुम्हीपण अहिराणीतच बोला की, पोरगं मोकळं होऊन नीट सांगतं.

आणि काउंटर रिकामं सोडून मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नका, समोर उभा आहे त्याचा नंबर आधी. चॅटची वेळ ठरवून दारावर लावा. आलेला प्रश्न, दिलेलं उत्तर रजिस्टरला लिहा, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवायला होतंच, शिवाय पुढच्या वर्षी करपावाला दुसरा कोणीतरी येणारच आहे.