ड्युअल-बूट लॅपटॉपवरील पार्टिशनच्या अडचणी कशा सोडवाव्यात

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी नांदवायचे ठरवले, की आज ना उद्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची, काही ना काही अडचण समोर येते. लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल ठेवता येत नाही, सी ड्राइव्ह हवा तेवढा लहान होत नाही, उबुंटू या लिनक्स प्रकाराच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, किंवा लॅपटॉप सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द उमटतात (ग्रब म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची हे विचारणारा प्रोग्रॅम). यांपैकी बहुतेक प्रसंगी डिस्क शाबूत असते आणि माहितीही जागेवर असते. दोन ऑपरेटिंग सिस्टिमांपैकी एकीने काही बदल केलेला असतो किंवा एखादे पार्टिशन अडवून ठेवलेले असते आणि दुसरीला त्याचा पत्ता नसतो, एवढेच. माहिती कायमची जाते ती बहुधा त्यानंतर घाईने केलेल्या दुरुस्तीत. त्यामुळे एक नियम प्रथमपासून पाळावा: विंडोजचे पार्टिशन विंडोजमधूनच लहान-मोठे करावे, लिनक्सचे लिनक्समधूनच, आणि कोणते पार्टिशन कोणाचे हे निश्चित झाल्याशिवाय डिस्कवर काहीही लिहू नये.

पुढील विवेचन ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ असलेल्या नेहमीच्या लॅपटॉपला धरून केले आहे. कमांडची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत.

काहीही बदलण्यापूर्वी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर आधी घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर ठेवलेली प्रत या कामात बॅकअप म्हणून धरता येत नाही. चार्जर जोडलेला असावा आणि बॅटरीही पुरेशी भरलेली असावी, कारण पार्टिशन सरकवण्याचे काम मध्येच बंद पडले तर सावरणे फार कठीण जाते.

त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारा प्रोग्रॅम, पाहावा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) मांडणी बदलली, की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर सापडते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा. उबुंटूचा इन्स्टॉलर मात्र स्थगितीवर समाधान मानत नाही. विंडोजच्या शेजारी बसण्यासाठी त्याला बिटलॉकर पूर्ण बंद केलेला लागतो, आणि डिस्कवरचे एन्क्रिप्शन काढले जाण्यास बराच वेळ जाऊ शकतो, हे लक्षात घेऊन त्या दिवशीची वेळ आखावी.

आता डिस्कचा नकाशा वाचावा. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, याने गोंधळून जाऊ नये. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, जागा कुठेही गेलेली नसते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सुरुवातीला १०० किंवा २६० एमबीचे ईएफआय (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचे) पार्टिशन दिसते, मग सी ड्राइव्ह, मग नाव आणि अक्षर नसलेले एक मोठे पार्टिशन, आणि शेवटी काही शे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन. ते नाव नसलेले पार्टिशन म्हणजेच उबुंटू. विंडोजला ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम वाचता येत नाही म्हणून ते रिकामे असल्यासारखे भासते, आणि त्याला चुकून ड्राइव्हचे अक्षर मिळाले असेल तर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी खिडकी उघडते. त्या खिडकीत नेहमी ‘कॅन्सल’च दाबावे. लिनक्स गमावण्याची इतकी सोपी वाट दुसरी नाही.

हाच नकाशा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात उघडला, की चित्र अधिक पूर्ण होते. विंडोज जे दाखवत नाही ते १६ एमबीचे मायक्रोसॉफ्ट राखीव पार्टिशनही येथे दिसते. ज्या पार्टिशनपुढे किल्लीचे चिन्ह आहे ते वापरात आहे, त्यामुळे ते लहान करता किंवा सरकवता येणार नाही. ज्यापुढे पिवळा त्रिकोण आहे त्यावर उजवी क्लिक करून ‘इन्फॉर्मेशन’ वाचावे, तेथे अडचणीचे कारण बहुधा स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. अनेकदा पाचव्या क्रमांकाचे पार्टिशन चौथ्याच्या आधी बसलेले दिसते. उबुंटू नंतर आल्यामुळे तसे होते, त्यात काही बिघाड नसतो आणि तो क्रम ‘सुधारण्याच्या’ फंदात पडू नये. या दोन्ही पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

त्याच बैठकीत उबुंटूच्या ‘डिस्क्स’ या साधनातून डिस्कची स्मार्ट (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली) माहिती पाहून घ्यावी. तेथे डिस्क निकामी होत असल्याचा इशारा दिसला, तर पार्टिशनचा विचार बाजूला ठेवून आधी सगळी माहिती बाहेर काढावी.

लिनक्समधून विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचता येतो

या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमध्ये असते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ दाबले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. ती आपल्या गाभ्याची स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये साठवते आणि आपले एनटीएफएस (विंडोजच्या फाइल सिस्टिमचे) पार्टिशन अर्धे उघडे ठेवून झोपते. अशा पार्टिशनवर लिनक्सने लिहिले आणि नंतर विंडोज जुनी स्थिती घेऊन जागी झाली, तर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि फाइली बिघडतात. म्हणून लिनक्स लिहिण्यास नकार देते, आणि तो नकार योग्यच असतो. काही जण अशा वेळी लिनक्समधले ‘एनटीएफएसफिक्स’ चालवून मोकळे होतात. ते साधन फारच मोजक्या दुरुस्त्या करते आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवते, त्यामुळे ते प्रथमोपचार म्हणून वापरू नये.

त्याऐवजी विंडोजमध्ये जाऊन कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये पॉवरच्या बटणाने काय करावे हे ठरवण्याचा पर्याय उघडावा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढावी. मग प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘चेकडिस्क’ची (टाइप करताना chkdsk) तपासणी सी ड्राइव्हवर दुरुस्तीच्या पर्यायासह चालवावी, पुढच्या वेळी तपासू का असे विचारल्यास होकार देऊन लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. ‘रीस्टार्ट’मध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते, ‘शट डाउन’मध्ये होईलच असे नाही. एवढे केल्यावर लिनक्समधून ड्राइव्ह सहसा विनातक्रार लिहिता येतो. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर ही खूण पुन्हा आलेली नाही ना, हे पाहण्याची सवय ठेवावी.

सी ड्राइव्ह पुरेसा लहान होत नाही

शंभर-दीडशे जीबी मोकळे असूनही डिस्क मॅनेजमेंट जेमतेम १०-२० जीबीच सोडायला तयार होते, तेव्हा मध्ये कुठेतरी न हलणारी फाइल बसलेली असते. पार्टिशन शेवटाकडूनच आखडते, त्यामुळे शेवटाजवळ पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी फाइल), हायबरनेशनची फाइल किंवा रिस्टोअर पॉइंटच्या प्रती असतील, तर त्यांच्या अलीकडची जागा कितीही मोकळी असली तरी उपयोगाची नसते. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद कराव्यात: ‘पॉवरसीएफजी’ कमांडने हायबरनेशन, सिस्टिम प्रॉपर्टीजमधून पेजफाइल, आणि तेथूनच सिस्टिम प्रोटेक्शन. रिस्टोअर पॉइंट या टप्प्यात पुसले जातात, हे आधी माहीत असावे. एकदा रीस्टार्ट करून पुन्हा ‘श्रिंक व्हॉल्यूम’ पाहावे. आकडा बहुधा बराच वाढलेला असतो. काम झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा सुरू करावेत. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या अद्ययावतीकरणासाठी किमान ३०-४० जीबी मोकळे राहतील एवढीच जागा काढावी, असे माझे मत आहे. अगदी काठोकाठ भरलेला सी ड्राइव्ह काही महिन्यांत नवी अडचण घेऊन येतो.

उलट दिशेचीही एक तक्रार असते: सी ड्राइव्ह वाढवायचा आहे, डिस्कवर मोकळी जागाही आहे, पण ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिके पडलेले आहे. विंडोज फक्त लगत उजवीकडे असलेली मोकळी जागाच घेऊ शकते. मध्ये रिकव्हरी किंवा लिनक्सचे पार्टिशन असेल, तर तो पर्याय उघडत नाही. मध्ये आलेले रिकव्हरी पार्टिशन पुसून टाकण्याचा सल्ला सहज मिळतो, पण विंडोज सुरू होईनाशी झाल्यावर दुरुस्तीची साधने त्यातूनच येतात. जानेवारी २०२४ मधील एक विंडोज अपडेट ‘०एक्स८००७०६४३’ ही त्रुटी दाखवून कित्येकांच्या संगणकांवर अडकले होते आणि त्याचे कारण या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नसणे हेच होते; तेव्हा ते निरुपयोगी समजू नये.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’ पद्धतीवर असले, तर असे होऊ शकते. त्याऐवजी ‘एएचसीआय’ ही साधी पद्धत लागते, पण ती थेट निवडल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. आधी ‘एमएसकॉन्फिग’मधून सेफ मोड निवडावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करावे, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यावी आणि मग सेफ मोडची खूण काढावी. या कामाआधी बिटलॉकरची की जवळ हवीच.

उबुंटूची जागा भरली

येथे पार्टिशनला हात लावण्याआधी साफसफाई करून पाहावी. ‘डिस्क युसेज अ‍ॅनालायझर’ कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली हे दाखवतो. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा), स्नॅप अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्या आणि जर्नलमधील (सिस्टिमच्या रोजनिशीतील) नोंदी मिळून कित्येक जीबी परत मिळू शकतात. शिवाय ईएक्सटी४ आपल्या जागेपैकी ५ टक्के रूट म्हणजे प्रशासक वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे ६० जीबीच्या पार्टिशनवर ३ जीबी. ‘डिस्क भरली’ असा संदेश त्यामुळे थोडा लवकर येतो.

तरीही जागा कमी पडत असेल, तर सी ड्राइव्ह लहान करून मिळालेली जागा उबुंटूच्या डावीकडे येते, आणि खरी गोम येथेच आहे. उजवीकडची जागा घेणे मिनिटांचे काम असते, कारण पार्टिशनचा आरंभ हलत नाही. डावीकडची जागा घ्यायची तर आरंभच मागे न्यावा लागतो, म्हणजे आतला सगळा मजकूर उचलून पुन्हा लिहावा लागतो. यास तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच वीज किंवा बॅटरी गेली तर पार्टिशन अर्धे जुन्या, अर्धे नव्या जागी अडकते. म्हणून मी सरकवण्याऐवजी त्या मोकळ्या जागेत नवे ईएक्सटी४ पार्टिशन करण्याचा सल्ला देईन. ‘डिस्क्स’मधून ते फॉरमॅट करून माउंटच्या (पार्टिशन एखाद्या फोल्डरला जोडण्याच्या) पर्यायांत कायमची जागा द्यावी आणि व्हिडिओ, प्रकल्प, व्हर्च्युअल मशीन अशा जड गोष्टी तिकडे हलवाव्यात. माउंटच्या पर्यायांत ‘नोफेल’ जरूर लिहावे, म्हणजे पुढे ते पार्टिशन नसले तरी उबुंटू सुरू होण्याचे थांबणार नाही.

पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले की त्याचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदलतो, पण सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये जुनाच राहतो. सुरू होताना उबुंटू एखाद्या डिस्कची वाट पाहत दीड मिनिट थांबत असेल किंवा इमर्जन्सी मोडमध्ये जात असेल, तर ‘एलएसबीएलके’ कमांड ‘एफ’ पर्यायासह चालवून खरे यूयूआयडी पाहावेत आणि एफएसटॅबमधील ओळ त्याप्रमाणे सुधारावी.

लॅपटॉप नीट सुरूच होत नाही

थेट विंडोजच सुरू होत असेल, तर बहुधा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये ‘उबुंटू’ पहिल्या क्रमांकावर आणावे. ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल, तर ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळात बंद ठेवलेला असतो, हे कारण आधी पाहावे. ग्रबच्या मांडणीच्या फाइलमध्ये तो चालू करून ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अपडेटनंतर काही लिनक्स आवृत्त्या ‘एसबॅट’चा (सिक्युअर बूटमधील जुने बूट प्रोग्रॅम अडवणाऱ्या यादीचा) संदेश देऊन अडल्या होत्या. तसा संदेश आला तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करावे, ते अद्ययावत करावे आणि मग सिक्युअर बूट परत चालू करावे.

विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन काढून टाकल्यावर ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो. अशा वेळी बूट मेनूची कळ दाबून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडले, की विंडोज पूर्ववत सुरू होते. जुन्या मार्गदर्शनात सापडणारी ‘फिक्सएमबीआर’ कमांड यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) लॅपटॉपवर काही साधत नाही. लिनक्स शाबूत असून ग्रबच बिघडला असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘बूट-रिपेअर’ चालवावे.

पार्टिशन चुकून पुसले गेले असेल, तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करून लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘टेस्टडिस्क’ चालवावे. पार्टिशन काढताना केवळ तक्त्यातील नोंद जाते, आतला मजकूर सहसा तसाच असतो. सापडलेल्या पार्टिशनवर ‘पी’ दाबून आपल्या फाइलींची नावे प्रत्यक्ष दिसतात का ते पाहावे आणि दिसली तरच ‘राइट’ निवडावे. एसएसडीवर ते पार्टिशन फॉरमॅटही झाले असेल, तर ट्रिममुळे (एसएसडी मोकळी झालेली जागा आतून पुसते त्यामुळे) मजकूर परत मिळण्याची आशा फार थोडी उरते.

दुरुस्ती झाल्यावर दोन्ही सिस्टिम एकेकदा पूर्ण सुरू करून बंद कराव्यात, स्थगित केलेला बिटलॉकर पुन्हा चालू करावा, आणि ‘एसजीडिस्क’च्या बॅकअप पर्यायाने पार्टिशन तक्त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो पेनड्राइव्ह रिकव्हरी कीच्या कागदाजवळ ठेवावा.