गावाची बियाणे बँक सुरू करताना

बियाणं मालकीचं की सांभाळायला दिलेलं, हे गावात आधी ठरवा, डबे नंतर. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची अशी बँक उभी केली. नियम सोपा ठेवा: एक किलो नेलं, सुगीनंतर दोन परत, वहीत नोंद.

वालाची निवड खळ्यावर नको, शेतातच करा. निरोगी वेलांना चिंधी बांधा. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा, चाळलेली कोरडी राख मिसळून घट्ट डब्यात भरा. भुंग्याची अंडी शेतातूनच शेंगांवर येतात, म्हणून महिन्याने डबा उघडून पाहाच. काकडी-भोपळ्याचा शेजारच्या वाणाशी संकर होतो. असं बी घेऊ नका, देणारा कितीही जवळचा असो. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. 70 हून कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा.