आरएक्स १००चा पुढचा शॉकअप

डर्ट ट्रॅकसाठी, म्हणजे मातीवर पळवायला ठेवलेली माझी यामाहा आरएक्स १०० ब्रेक दाबला की पुढून पार बसायची. गॅरेजवाल्यांचा ठरलेला सल्ला: जाड ऑइल भरा. पण वजन उचलते स्प्रिंग. ऑइल फक्त हालचाल आवरतं. या जुन्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपमध्ये, ते ठरावीक भोकांतूनच जातं, त्यामुळे जाड भरलं की खड्ड्यात सगळा दणका मनगटांवर.

ऑइल १० वेटचंच (वेट म्हणजे जाडी) ठेवलं, स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपचे २० मिलिमीटरचे तुकडे बसवले. स्प्रिंग त्याने कडक होत नाही, गाडी फक्त वर उभी राहते. फोर्कच्या नळ्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणल्या, सरळ आहेत का ते तिथेच काचेवर लोळवून पाहिलं. त्यांवर गंजाचे खड्डे असले तर ऑइल अडवणारं नवं सीलही गळणारच! ऑइलची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून पट्टीने मोजली, दोन्हीकडे सारखी. ब्रेकला नाक अजून थोडं झुकतं. वळणावर तेवढं हवंच.