घरी आजारी माणसाचं करताय? मग या चुका टाळा

लालबाग-परळ भागातले आम्ही पंधरावीस जण महिन्यातून एकदा भेटतो, सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेलं. दर वेळी कोणीतरी नवीन येतं आणि तीच गोष्ट सांगतं. पेशंटची तयारी चोख असते, ऑक्सिजन आहे, डायपर आहेत, डॉक्टरांचा नंबर आहे. पण करणारी बाई किंवा माणूसच आडवा झाला तर घरात काय होईल, हे कोणी बघितलेलंच नसतं.

"सगळं माझ्या डोक्यात आहे"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मीही हेच म्हणायचे. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. तिची सिंडोपाची गोळी अर्धा तास जरी लांबली तरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, बाथरूमच्या उंबऱ्याशी ती तशीच उभी राहते, हलताच येत नाही. तर २०२२ च्या सप्टेंबरात मला डेंग्यू झाला आणि रात्री अकराला मला ॲडमिट करून घेतलं. दादा विरारहून आला बिचारा धावत. फ्रिजवर गोळ्यांचा कागद चिकटवलेला होता, पण तो दोन वर्षांपूर्वीचा, त्यात तीन वेळा लिहिलेलं, आणि आई तेव्हा दिवसातून पाच वेळा घेत होती. सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री साडेनऊ, हे फक्त मला माहीत.

दादाने कागदाप्रमाणे दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई लाकडासारखी कडक झाली, पाणी पाजलं तर ठसका लागायला लागला. मला फोन करायचा तर माझा मोबाईल चार्जिंग संपून बंद. मग घाबरून त्याने संध्याकाळी दोन डोस एकदम दिले, थोड्या वेळाने ती उठायला गेली, प्रेशर खाली आलं आणि कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. चार टाके पडले. दादाची काहीच चूक नव्हती, चूक माझी, कागद जुना ठेवला ती.

तेव्हापासून माझी सवय अशी. एकच कागद, एका बाजूला मावेल एवढाच, वर तारीख, आणि डॉक्टरांनी एक गोळी जरी बदलली तरी त्याच दिवशी नवीन कागद, जुना फाडून टाकायचा. प्रत्येक वेळेसमोर त्या गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा नाव असलेला तुकडा सेलोटेपने चिकटवते, कारण सिंडोपा ११० आणि सिंडोपा प्लस अशी सारखी नावं घाईत नीट वाचली जात नाहीत. खाली लाल पेनाने काय द्यायचं नाही ते. पार्किन्सन्सवाल्यांनी हे लिहाच: उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइड नको, त्याने कडकपणा वाढतो, आणि कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर ते सहज देऊन जाईल. शिवाय गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत हेही. कागदाच्या पाठीमागे माझी माहिती, ब्लड ग्रुप, माझी प्रेशरची गोळी, माझे डॉक्टर. तीच माहिती छोट्या कार्डावर लिहून लोकलच्या पासच्या कव्हरमध्येही ठेवलीय, वर एकच ओळ: "घरी आजारी आई एकटी आहे, या नंबरवर कळवा."

काहीजण म्हणतात, ताई तुमचा फॉरमॅट व्हॉट्सॲपवर टाका ना, आम्ही भरतो. टाकत नाही मी. दहा मिनिटांत भरलेला कागद पुन्हा कोणी उघडून बघत नाही, आणि मोबाईलमधल्या नोट्स लॉकच्या मागे, आपण बेशुद्ध असताना काय उपयोग त्याचा. स्वतःच्या हाताने लिहा, वेळ लागू दे, लिहिताना आपल्यालाच कळतं की कुठली गोळी नक्की कशासाठी आहे हे आपण कधी विचारलंच नाही.

"भाऊ आहे ना, शेजारच्या काकू आहेत ना"

त्यांना विचारलंय का? खरंच, तोंडाने, "मला काही झालं तर पहिले चोवीस तास तुम्ही बघाल का" असं? बहुतेकांनी विचारलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं. आणि गृहीत धरलेला माणूस विरारला असेल तर पावसात वसई-नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, इकडे हिंदमाताला कमरेएवढं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा लोक रात्रभर ऑफिसात, गाड्यांत, रस्त्यावर अडकले होते, आणि घरी कोणाची तरी आई वाट बघत होती. म्हणून एक माणूस चालत येण्याच्या अंतरावरचा हवाच. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे चावी आहे आणि त्यांनी आईला गोळी देऊन बघितलेली आहे.

देऊन बघितलेली, हे महत्त्वाचं. महिन्यातून एका रविवारी दादा येतो आणि मी घराबाहेर जाते, दादरला मैत्रिणीकडे. पहिल्यांदा त्याने चौदा फोन केले. तिसऱ्या वेळी त्यानेच सांगितलं की आईला पलंगावरून उठवताना तू कुठल्या बाजूने धरतेस ते कागदावर नाहीये. खरंच नव्हतं. उजवी बाजू, हाताला नाही, काखेत हात घालून.

पेशंटचं करायला बाई पाठवणाऱ्या ब्युरोची बाई आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आधी नाव नोंदवून, एकदा बारा तासांसाठी बोलावून बघा, आणि पहिल्याच दिवशी तिच्या हातात घर सोडून जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात.

नॉमिनी आहोत म्हणून आईच्या खात्यातून पैसे निघतील, असं नाही. ती हयात असेपर्यंत नॉमिनीला काही काढता येत नाही, जॉइंट खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (म्हणजे दोघींपैकी कोणाच्याही एकटीच्या सहीने पैसे निघतात असं) करून घ्या, तिची सही नीट येतेय तोवर.

१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ, तिथे माहिती आणि मार्गदर्शन मिळतं. रात्री दोनला ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

साखर उतरून पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात साखरपाणी घालू नका, श्वासनळीत जातं.

नाकातून घातलेली जेवणाची नळी निघाली तर स्वतः परत घालायला जाऊ नका.

सत्तरीपुढच्या माणसाचं आयुष्मान कार्ड आत्ताच काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात येतं ते आधी बघून ठेवा.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का ते मोजा. आमच्यात मावत नाही, म्हणून हात असलेली एक मजबूत प्लॅस्टिकची खुर्ची दाराच्या मागेच ठेवलीय आणि खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना ती जिन्यावरून कशी उतरवायची ते दाखवून ठेवलंय.

आणि रात्र रात्र झोप लागत नसेल, पेशंटवर ओरडून नंतर रडू येत असेल तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास असतं, मराठीतही बोलता येतं. मी लावलाय.